ऊठ, खा आणि परत झोप

थकलेय असं कुणाला सांगितलं की दोनच सल्ले मिळतात, एक तर बी-ट्वेल्व्ह चेक करून घे नाहीतर प्रार्थना वाढव. मला दोन्ही मिळाले, आणि खरं सांगायचं तर दोन्ही करून झाले. पहिल्यातून काहीतरी सापडलं, दुसऱ्यातून सुरुवातीला अजून थकवाच आला. मग पुढे जे झालं ते लिहायचं बरेच दिवस डोक्यात आहे, कारण आमच्या ख्रिस्ती लोकांत दमणं म्हणजे काहीतरी कमी पडणं अशी एक समजूत बसलीय आणि तिचा मला आता कंटाळा आलाय.

थोडं माझ्याबद्दल सांगते. आम्ही मूळचे नगरकडचे, आता कळव्याला राहतो, चर्च ठाण्यात, ऑफिस महापेला. अकाउंट्समध्ये आहे, म्हणजे महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-वन, २० ला थ्री-बी ही जीएसटीची रिटर्न, मधे मधे बँकेचं, ऑडिटरचं, आणि हे संपेपर्यंत पुढचा महिना. कळव्याहून स्लो पकडून एक स्टेशन ठाणे, तिथून पूल चढून नऊ-दहा नंबरला ट्रान्सहार्बर, मग घणसोलीला उतरून शेअर रिक्षा. हे सगळं बाकीचे पण करतातच, त्यात काही विशेष नाही. पण सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं पण गेलं, तेव्हापासून घरी पण एक शिफ्ट सुरू झाली. दिवसा एक मावशी येतात. रात्री डायपर, कूस बदलणं, पाणी, औषध हे माझ्याकडे आणि नवऱ्याकडे, त्यात त्याची आठवड्याआड नाईट असते. पोरगा दहावीला. आईंना पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते, त्यामुळे सलग झोप हा प्रकारच घरातून गेला होता.

आणि वरून चर्च. भगिनी मंडळाची खजिनदार मी, संडे स्कूलला मी, ख्रिसमसच्या प्रोग्रॅमला मुलांचं नाटक बसवणारी मीच. रविवारी सकाळी घरातलं आवरून धावतपळत जायचं, उपासना झाली की संडे स्कूल, मग मीटिंग, आणि घरी येईपर्यंत तीन वाजायचे. सोमवारी सकाळी मी शनिवारपेक्षा जास्त दमलेली असायचे. बायकांच्या ग्रुपवर कुणीतरी रोज गरुडाचा फोटो टाकायचं, यशया ४०:३१, परमेश्वराची आशा धरून राहणारे गरुडाप्रमाणे वर उडतील, धावतील तरी दमणार नाहीत. वचन खरंच सुंदर आहे आणि मी लहानपणापासून पाठ म्हणत आलेय. पण पहाटे चार वाजता डायपर बदलताना मला त्या गरुडाचा राग यायला लागला होता. मी काही उडायला मागत नव्हते, मला ठाणे स्टेशनचा पूल चढायचा होता.

आधी डॉक्टरचं सांगते कारण ते लोक गाळतात आणि साक्ष देताना थेट चमत्कारावर येतात. पुलावर अर्ध्यात थांबायला लागत होतं, छातीत धडधड, पाय जड. नवऱ्यानेच जबरदस्तीने नेलं. हिमोग्लोबिन ८.२ आलं. बायकांना १२ च्या खाली म्हणजे कमीच, आणि मी त्या आकड्यावर ऑफिस, घर, चर्च ओढत होते. पाळीला खूप जात होतं, वय चाळिशीच्या पुढे, ते मी "आता असंच असतं" म्हणून सोडून दिलेलं, सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं की गोळीच्या आगेमागे चहा नको, चहाने लोह अंगात नीट शोषलं जात नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या, आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून लगेच बंद करू नका, शरीरातला साठा भरायला पुढे काही महिने लागतात. ज्यांना वाटतं की गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी, त्यांनी एकदा कलस्सैकरांस पत्र ४:१४ बघावं, शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि प्रेषित पौल त्याला प्रिय म्हणतो. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटासाठी तर पौलाने नुसतं पाणी पिऊ नकोस, थोडा द्राक्षारस घे असं लिहून कळवलंय, प्रार्थना वाढव असं नाही लिहिलं.

गोळ्यांनी धडधड गेली, पूल एका दमात चढायला लागले. पण सकाळी डोळे उघडल्या उघडल्या जो कंटाळा भरून यायचा तो तसाच होता. तो रक्तातला नव्हता.

त्या सुमारास आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आईंना प्रभुभोजन (येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस) द्यायला घरी आले. आजारी माणसाला चर्चला येता येत नाही तर घरी येऊन देतात. पाळकबाई पण सोबत होत्या. मी टेबलावर स्वच्छ कापड घातलं, आईंना उशीला टेकवून बसवलं, आणि साहेबांनी प्रार्थना सुरू केली. डोळे मिटले आणि मी झोपले. म्हणजे डुलकी वगैरे नाही, खुर्चीत बसल्या बसल्या गाढ. जाग आली तेव्हा आईंचं प्रभुभोजन होऊन गेलं होतं, पाळकबाई किचनमध्ये चहा करत होत्या आणि कुणीतरी माझ्या मानेमागे उशी दिली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब काहीच बोलले नाहीत, मला शांतपणे भाकर आणि प्याला दिला. निघताना मात्र म्हणाले, "वहिनी, आज बायबल उघडू नका, झोपा. उद्या ट्रेनमध्ये पहिले राजे १९ वाचा. पण आठव्या वचनापर्यंतच हां, पुढचं नंतर."

एलीया संदेष्ट्याची गोष्ट संडे स्कूलला मी कितीतरी वेळा शिकवलीय, पण शिकवताना आपण कर्मेल डोंगरावर थांबतो. स्वर्गातून अग्नी पडतो, बाल नावाच्या दैवताचे संदेष्टे हरतात, पोरं खूश. तो १८वा अध्याय. १९व्यात काय होतं तर ईजबेल राणी निरोप पाठवते की उद्या या वेळेपर्यंत तुला संपवते, आणि हाच माणूस, ज्याने काल एवढं मोठं काम केलं, जीव घेऊन पळतो. बैर-शेब्याला आपल्या चाकराला सोडतो आणि एकटाच रानात एक दिवसाची वाट चालत जातो. एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, देवा, पुरे झालं, आता माझा जीव घे. आणि झोपतो.

आता इथे देव काय करतो ते मी रबाळे ते घणसोलीच्या मधे उभ्या उभ्या वाचत होते. उपदेश करत नाही. तुझा विश्वास कुठे गेला, काल तर तू अग्नी पाडलास, असं काही विचारत नाही. दूत येतो, त्याला हात लावतो आणि म्हणतो ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो, पितो आणि परत झोपतो. आणि दूत त्याला परत झोपू देतो! हे मी आयुष्यात कधी नीट वाचलंच नव्हतं. मग दुसऱ्यांदा उठवतो, परत खायला देतो आणि म्हणतो की तुला फार लांब जायचंय, तुझ्याच्याने होणार नाही. त्या खाण्याच्या जोरावर तो ४० दिवस ४० रात्री चालत होरेब डोंगरापर्यंत जातो. बस, आठवं वचन संपलं.

मी घणसोलीला उतरले आणि प्लॅटफॉर्मवर बाकड्यावर बसून राहिले. देवाच्या पुस्तकात एका दमलेल्या माणसावर पहिला उपाय झोप आणि भाकर लिहिलाय, आणि ते पण दोन वेळा. माझ्याकडे उपाय म्हणून जे जे होतं त्यात अजून एक काहीतरी करायचं होतं, अजून लवकर उठा, अजून एक अध्याय वाचा, अजून एक उपास धरा.

संध्याकाळी नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला मग रविवारी दुपारी झोप ना. ऐकायला इतकं साधं वाटतं, पण आमच्या घरात बाईने दुपारी दार लावून झोपणं हे माझ्या आईने कधी केलं नाही, आजीने तर नाहीच. शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आम्ही सगळे पाठ म्हणतो, पण बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात ती नीट वाचली तर त्यात दास, दासी, बैल, गाढव सगळ्यांची नावं आहेत, त्यांना पण तुझ्यासारखा विसावा मिळू दे म्हणून. नगरकडे पोळ्याला बैलाला कुणी जुंपत नाही, उलट अंघोळ घालून, शिंगं रंगवून पुरणपोळी चारतात, आणि मी स्वतःला ती सवलत पण देत नव्हते. तर रविवारची दुपार ठरली. चर्चमधून आल्यावर दोन तास नवरा आणि पोरगा आईंकडे बघणार, मी झोपणार, मोबाईल बाहेर. पहिल्या काही वेळा नुसती छताकडे बघत पडून होते, कान बाहेर.

त्यासाठी मला १२१वं स्तोत्र उपयोगी पडलं. मी आपली दृष्टी डोंगराकडे लावतो, मला साहाय्य कुठून येईल, तेच ते. ट्रेनमध्ये दिघ्याच्या पुढे डावीकडे पारसिकचा डोंगर दिसतो, तिथे मी ते मनात म्हणायचे, फक्त आठ वचनं आहेत, ऐरोली यायच्या आत होतात. त्यात चौथ्या वचनात आहे की इस्राएलाचा रक्षक झोप घेत नाही, डुलकी पण घेत नाही. हे मी आधी नेहमी देवाचं कौतुक म्हणून ऐकायचे. आता वाटलं की अरे, तो जागा आहे तर मग आम्ही दोघं का जागे आहोत? एकाने झोपायला हरकत नाही. रविवारी पडल्या पडल्या तेवढं एकच वचन म्हणायला लागले आणि हळूहळू डोळा लागायला लागला. येशू पण वादळात होडीत उशी घेऊन झोपला होता, शिष्य घाबरून त्याला उठवतात, त्याचंही नवल तेव्हाच वाटलं. आणि शोमरोनात विहिरीपाशी बसला तो प्रवासाने दमला म्हणून बसला, योहानाने सरळ तसंच लिहिलंय, लपवलं नाही.

प्रार्थना पण लहान झाली. आधी अर्धा तास गुडघ्यावर, अर्धा वेळ पेंगण्यात. आता ट्रेनमध्ये १३वं स्तोत्र, ज्यात दावीद चार वेळा विचारतो की कोठवर, देवा, कोठवर. कधी ८८वं, जे अंधारातच संपतं, शेवटी काही गोड होत नाही. गर्दीत बॅग पोटाशी धरून एवढंच म्हणायचं की कोठवर, आणि त्याला प्रार्थना म्हणायची. मला ते जमलं.

मदत घेणं मात्र नाही जमलं, बरेच दिवस. पाळकबाईंनी भगिनी मंडळात विषय काढला की बुधवारी संध्याकाळी आणि शनिवारी रात्री कुणीतरी आमच्याकडे जाऊन बसायचं, तर मी तिथेच म्हणाले नको नको, आमचं बरं चाललंय. दुसऱ्याच्या घरची बाई येऊन माझ्या सासूचं डायपर बदलणार ही कल्पनाच सहन होईना. लोक काय म्हणतील हा भाग होताच, आणि घर पसरलेलं असतं हा पण. तर पाळकबाईंनी बायबलमधलं निर्गम १७ काढलं, लढाईची गोष्ट. मोशेचे हात वर असले की इस्राएल जिंकतात, खाली आले की हरतात, आणि त्याचे हात भरून येतात. मग अहरोन आणि हूर आधी काय करतात तर त्याला बसायला दगड आणून देतात, मग दोन बाजूंनी हात धरतात. त्या म्हणाल्या, "तुम्ही दगडावर तरी बसा, हात आम्ही बघतो." यावर मला उत्तर सुचलं नाही. बुधवारी एक रिटायर्ड नर्सबाई यायला लागल्या, ज्यांना आईंची कूस बदलायचं माझ्यापेक्षा चांगलं जमतं, आणि शनिवारी रात्री नणंद डोंबिवलीहून. ताईला मी कधी विचारलंच नव्हतं, तिला वाटत होतं मला आवडणार नाही. दोन बायका एकमेकींना काय वाटेल म्हणून गप्प बसल्या होत्या आणि मधल्यामधे मी रात्री जागत होते.

ऑफिसात माझ्या शेजारी एक ईस्ट इंडियन (मुंबई-ठाण्याकडचे मूळचे ख्रिस्ती) मुलगी बसते, कॅथलिक, ठाण्याचीच, बुधवारी माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेना प्रार्थनेला जाणारी. बुधवारी घरी बाई बसायला लागल्यावर मला तासभर मोकळा मिळायला लागला, तर तिनेच सांगितलं की घरी लगेच जाऊ नकोस, तलावपाळीजवळ सेंट जॉन द बाप्टिस्टला जाऊन बस. आम्ही प्रॉटेस्टंट, आमच्या आजीला हे कळलं असतं तर तिने चार गोष्टी ऐकवल्या असत्या, पण मी गेले. बाहेर जांभळी नाक्याची गर्दी, हॉर्न, भाजीवाले, आणि आत माझ्याकडून कुणाला काही नको होतं. ना हिशेब, ना नाटक. तिनेच एकदा सांगितलं की १३२१ साली चार फ्रान्सिस्कन संन्यासी इथे ठाण्यात आपल्या विश्वासासाठी मारले गेले, म्हणजे पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी, आणि नंतर ओडोरिक नावाचा त्यांच्यातलाच एक प्रवासी त्यांच्या अस्थी घेऊन पार चीनपर्यंत गेला. मला हे माहीतच नव्हतं, रोज ज्या गावात ट्रेन बदलते तिथलं. ऐकून भारी वाटलं आणि मग वाटलं की विश्वासाने मिळणारी शक्ती म्हटलं की आपण असंच काहीतरी डोळ्यासमोर आणतो, तलवारीपुढे उभं राहणं. माझ्यापुढे तलवार नाही. माझ्यापुढे ११ तारीख आहे आणि पहाटे चारची कूस. त्याला जी शक्ती लागते ती कुणी दगडावर कोरत नाही, पण ती पण मागायचीच असते.

आता आईंचं. झटक्यानंतर त्यांना बोलता येत नव्हतं, "हो", "नको" आणि एक "अगं" एवढंच. स्पीच थेरपिस्ट म्हणाली गाणं म्हणून बघा, बोलणं गेलेल्या कितीतरी पेशंटना गाण्यातले शब्द येतात, कारण मेंदूत बोलण्याचं आणि सुराचं काम सगळं एकाच ठिकाणी होत नाही. आई नगरच्या मंडळीत वाढलेल्या, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं आणि अभंग पेटी-तबल्यावर म्हणत मोठ्या झालेल्या. टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले आणि १९१९ ला गेले, त्या चोवीस वर्षांत त्यांनी आमची उपासना मराठीत आणून ठेवली, आधी साहेबी चालीतली भाषांतरं म्हणायचे, ती उपासना अभंगात आली, कीर्तनात आली. तर एका संध्याकाळी मी भांडी पुसत एक ओळ गुणगुणले आणि आतल्या खोलीतून पुढची ओळ आली. शब्दांसकट. जरा बोबडी, पण अख्खी. मी हातातलं ताट तसंच घेऊन आत गेले. त्यांनी माझ्याकडे बघून दुसरं कडवं सुरू केलं, मधे एक शब्द अडला तर चिडल्या, परत मागून सुरुवात केली. पोरगा प्रिलिमचा अभ्यास टाकून दारात उभा. ज्या बाईला पाणी हवंय हे सांगता येत नाही ती चार कडवी म्हणाली.

तेव्हापासून आमची कौटुंबिक प्रार्थना बदलली. आधी मी शास्त्रभाग वाचायचे, नवरा प्रार्थना करायचा, सगळे घड्याळाकडे बघायचे. आता आई गाणं निवडतात, म्हणजे सुरू करतात आणि आम्हाला ओळखायला लागतं, सगळे म्हणतात, प्रभूची प्रार्थना, संपलं. दहा मिनिटं. प्रार्थना चालवायची माझी जी एक ड्युटी होती ती आईंनी पलंगावरून घेतली. मला त्यात फक्त बसायचं असतं.

१९व्या अध्यायाचा पुढचा भाग मग काही आठवड्यांनी वाचला. वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी तो मंद आवाज, त्यावर सगळे पाळक बोलतात. मला त्याच्या पुढचं लागलं. एलीया म्हणतो मी एकटाच उरलो, आणि देव त्याला सांगतो की बालापुढे गुडघे न टेकलेले ७००० अजून आहेत, आणि जा, अलीशाला तुझ्या जागी अभिषेक कर. म्हणजे पहिल्यांदा झोप, मग भाकर, मग बोलणं, आणि शेवटी काम वाटून देणं. ही यादी मी एखाद्या चांगल्या मॅनेजरकडून पण ऐकली असती, पण ऐकली नसती मी, देवाने सांगितली म्हणून ऐकली. खजिनदारकी सोडली. संडे स्कूल आमच्याच चर्चमधल्या एका कॉलेजच्या पोरीला दिलं. तिने पहिल्याच रविवारी एलीयाची गोष्ट मोबाईलवर चित्रं दाखवून सांगितली, पोरं माझ्यापेक्षा तिच्यावर जास्त खूश. मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू.

अजून एक गोष्ट लिहिते, कारण एलीया "माझा जीव घे" म्हणतो ते नुसतं बोलायची पद्धत म्हणून सोडून देतात. माझ्या पण मनात एकदोनदा येऊन गेलं की एखाद्या सकाळी उठूच नये. मी ते पाळकबाईंना सांगितलं आणि डॉक्टरीणबाईंना पण सांगितलं, आणि दोघींनी ते गंभीरपणे घेतलं. कुणाला तसं वाटत असेल तर फक्त प्रार्थनेच्या विनंतीत टाकून गप्प बसू नका, माणसाला सांगा, डॉक्टरला सांगा, सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत पण बोलतात.

सध्या हिमोग्लोबिन ११ च्या वर आहे, गोळ्या चालू, गाठींचं सहा महिन्यांनी परत बघायचंय. आई तशाच पलंगावर आहेत. २० तारखेच्या आधीचे दोन दिवस मी अजूनही सगळ्यांवर खेकसते. गरुडाचा फोटो अजूनही येतो ग्रुपवर, आता मी त्याला अंगठा देते. या शनिवारी ताई येणार नाही, तिच्या नातवाचा बाप्तिस्मा आहे, त्यामुळे भगिनी मंडळातल्या दोघी येतायत झोपायला, आणि त्यातली एक जोरात घोरते हे आईंनी नाकाने आवाज काढून, हातवारे करून आम्हाला आत्तापासूनच बजावून ठेवलंय.